पुराच्या शाळेतलं फोनचं टेबल

पूर ओसरला की घरातला चिखल चार-आठ दिवसांत निघतो, किस्से मात्र वर्ष झालं तरी निघतच राहतात! आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही कुणीतरी चहाचा कप हातात घेऊन म्हणतं, "बाई, तुमचं ते फोनचं टेबल!" झालं, मग पुढचा तास बुडालाच म्हणून समजा.

वेदगंगेचं पाणी चढलं तेव्हा नदीकाठच्या एका गावातली माणसं निपाणीजवळच्या आमच्या शाळेत आणून ठेवली होती. तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, "नातेवाइकांशी बोलणं करून द्यायला एक टेबल लावायचंय. बोलायला पटाईत कोण?" सगळ्या स्टाफनं एकमतानं माझ्याकडे बोट केलं. पंचवीस वर्षं पोरांना गप्प बसवलंय मी, त्यापुढे फोन म्हणजे किस झाड की पत्ती!

पहिल्याच तासाला आली शेवंताआक्का. तिचा नवरा बाळाप्पा चार म्हशींसह गावामागच्या माळावर राहिला होता. बोटवाल्यांना म्हणाला म्हणे, "म्हशी घेत असशीला तर येतो!" त्यानंतर ओढा फुगला, बोट त्या बाजूला जाईना आणि त्याचा फोनही लागेना.

आक्का माझ्या टेबलाला खेटून बसली. "ह्येंची खबर येईस्तवर मी जेवणार न्हाय बाई. च्या तेवढा घेतो."

"उद्यापर्यंत खबर आणते," मी छातीठोकपणे सांगितलं. कुठून आणणार, ते मलाही ठाऊक नव्हतं.

*

पहिल्या दिवशी कळलं की या गावाची टेलिफोन डिरेक्टरी म्हणजे घराची भिंत! लेकीचा, भावाचा, डॉक्टरचा, सगळ्यांचे नंबर देव्हाऱ्याशेजारी कोळशानं लिहिलेले. मोबाईल आले तरी सवय तीच. आणि भिंती तर पाण्यात!

"नंबर काय आप्पा?"

"भिंतीवर हाय की!"

हे उत्तर मी त्या दिवशी किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. एक तुकाराम आप्पा मात्र ऐटीत पुढे आले. "मला एक नंबर तोंडपाठ हाय. लावा." त्यांनी घडाघडा आकडे सांगितले. मी लावला. रिंग गेली. तेवढ्यात आप्पांच्या बंडीच्या खिशात फोन वाजायला लागला.

आप्पांनी हात वर केला. "थांबा जरा बाई, मला कुणाचा तरी फोन आलाय!"

*

दुसरं लचांड चार्जिंगचं. एका वर्गात दोनच प्लग आणि फोन ढिगानं. आमच्या कन्नड शिकवणाऱ्या सवदी सरांनी प्रत्येक फोनवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. शिस्तीचा माणूस! पण फोन वाजला की मालकीण कुठेतरी जेवणाच्या रांगेत असायची, म्हणून सरच उचलायचे.

पुण्याहून एका मुलीचा फोन आला. "हॅलो आई?"

"आई जेवायला गेल्यात री. आज भात, आमटी. दोनदा घेतल्या."

मुलगी एवढी खूश झाली की रोज आईऐवजी सरांनाच फोन करून विचारायची, "सर, आज काय खाल्लं आईनं?" सरही अगदी हजेरी घेतल्यासारखे सांगायचे. हा रिपोर्ट दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी, कुणी चुगली केली कोण जाणे, बेळगावहून सरांच्या बायकोचा फोन आला.

"माझ्या आईनं काय खाल्लं, हे लग्नाला वीस वर्षं झाली तरी कधी विचारलंसा का हो?"

*

कोंडूबाईंचा मुलगा बेळगावजवळ पिरनवाडीला राहतो, कारखान्यात नोकरी. ड्यूटीवर फोन उचलता येत नाही, म्हणून मायलेकांचं ठरलं होतं: सगळं ठीक असेल तर आईनं एक मिस्ड कॉल द्यायचा.

दुपारी बघते तर मुलगा शाळेच्या दारात हजर! चिखलानं माखलेला, धापा टाकत. हायवे बंद, म्हणून कुठल्या कुठल्या आडरस्त्यांनी गाडी काढत आला होता. कोंडूबाई वर्गात मांडी ठोकून शिरा खात होत्या.

"आये, अगं सात मिस्ड कॉल! माझा जीव गेलता की गं!"

"व्हय की. एक दिला तर नुसतं बरं हाय, असं वाटलं असतं तुला. हितं लई बरं चाललंय रं!"

*

सगळे हसले, शेवंताआक्काही हसली. पण शिऱ्याची वाटी तिनं शेजारणीकडे सरकवली. उद्यापर्यंतच्या माझ्या वायद्याचा परवा उजाडला होता. मी बोटवाल्यांना विचारलं, पलीकडच्या गावातल्या दोन ओळखीच्या मास्तरांना फोन लावले. माळावर माणसं आहेत एवढंच कळायचं, कोण आहे ते कुणी सांगेना.

दरम्यान शंकर आणि मारुती या सख्ख्या भावांची भानगड. बांधावरून दोघांचं बोलणं बंद, आणि दोघांना दिलेला वर्ग एकच! खानापूरला दिलेल्या बहिणीनं शंकरला फोन केला. बोलून झाल्यावर म्हणाली, "आता मारुतीला दे."

शंकर तोंड दुसरीकडे करून, न बोलता हात लांब करून उभा. मारुतीनंही फोन हातात घेतला नाही, फक्त कान पुढे आणला. असं दहा मिनिटं! शेवटी शंकरचा हात भरून आला.

"बाई," तो मला म्हणाला, "त्याला म्हणावं, जरा आवर. नायतर दुसरा कान तरी लाव, माझा हात बदलतो!"

*

चौथ्या दिवशी सकाळी मी आक्काकडे बघायचंच टाळत होते. ती बसल्या जागी वाळत चालली होती. मी इतकी बडबडी बाई, पण तिच्याशी काय बोलावं हे सुचेना, आणि त्याची मला लाज वाटत होती.

जेवणाची ताटं आली. तिच्याही पुढे एक ठेवलं. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा बटणाचा फोन एकदा टिंग करून वाजला.

"बाई, वाचा की. माझं डोळं भिरभिराय लागल्यात."

कंपनीचा मेसेज असणार, म्हणून मी उघडला. गावच्या दूध डेअरीचा निघाला! डेअरीचं खातं आक्काच्या नावावर होतं, आणि दूध घातलं की मशीनमधून तिच्या फोनवर मेसेज यायचा. मागाहून कळलं, सेक्रेटरीनं त्याच सकाळी मशीनच माळावर नेऊन बॅटरीवर चालू केलं होतं, आणि वरच्या रस्त्यानं टेम्पो येऊन दूध नेत होता.

मी मोठ्यानं वाचलं. "आजची तारीख. सकाळ. म्हैस. अकरा लिटर. फॅट पाच पॉइंट दोन."

"परत वाचा."

परत वाचलं. सवदी सर चिकटपट्टीचा रोल हातात धरून दारातच थांबले.

"आमच्या म्हशी ह्येंच्याबिगर कुणाला धार काढू देत न्हाईत बाई. कुणालाच न्हाय," आक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले. का रडू नये?

मग आक्कानं डोळे पुसले, ताट पुढे ओढलं, भात कालवला आणि घास हातात धरून एकदम थबकली.

"फॅट किती म्हनलासा?"

"पाच पॉइंट दोन."

"सातच्या खाली कवा आलं न्हाय आमचं!" तिनं घास तोंडात घातला. "गावात एवढं पानी भरलंय, ते पुरलं न्हाय व्हय ह्यास्नी? दुधात आनखी घालाय लागल्यात!"