बदलता जबाब

ती दुपार विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. कोथरूड भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. तीनच्या सुमारास एक तरुण बाई धापा टाकत आत आली, मागोमाग तिचे आईवडील. तिची सहा वर्षांची मुलगी शाळेतून घरी पोचली नव्हती. मुलीला आणायला रोज आजोबा जात. त्या दिवशी ते एकटेच परतले आणि विचारल्यावर म्हणाले, "सोडलं ना तिला घरी."

आजोबा खडकीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, ताठ बसणं, स्वच्छ बोलणं. अल्पवयीन मुलगी, म्हणून मी अपहरणाचा गुन्हा दाखल करायला सांगितला आणि नियंत्रण कक्षाला वर्णन दिलं. तेवढ्यात शाळेच्या रखवालदाराचा फोन आला: मुलीला साडेबाराला आजोबांनीच नेलं; रोज चालत जातात, आज मात्र रिक्षा केली.

मी आजोबांना समोर बसवलं.

"रिक्षा कुठे नेलीत?"

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. "आम्ही चालतच गेलो."

"रखवालदाराने पाहिलंय."

पुन्हा बायकोकडे नजर. आजी घाईने म्हणाल्या, "ऊन होतं, म्हणून केली असेल."

प्रत्येक प्रश्नाला हेच. त्यांची मान वळायची आणि उत्तर आजींकडून यायचं. मला वाटलं, दोघं मिळून काहीतरी लपवताहेत. आजींना बाहेर बसवलं, चहा मागवला आणि आवाज चढवला. आजोबांचा जबाब आणखी बदलला. एकदा नात सोसायटीच्या फाटकाशी उतरली, एकदा तिची आईच घेऊन गेली.

"अहो, आपण खोटं बोलताय!"

"साहेब, खोटं बोलायची मला सवय नाही," ते शांतपणे म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. शोधपथकाकडून काहीच नव्हतं. बाहेर फोन वाजला की मुलीची आई दाराशी येऊन उभी राहत होती.

मग आजोबा म्हणाले, "तेवढा चहा सांगता का?"

रिकामा कप त्यांच्यासमोरच होता. पाच मिनिटंही झाली नव्हती.

खोटं बोलणारा माणूस आपलं आधीचं वाक्य लक्षात ठेवून बोलतो. यांना आधीचं वाक्यच आठवत नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"शाळा सुटल्यावर मुलीला कुठे नेता तुम्ही?"

त्यांचा चेहरा खुलला. "क्वार्टरवर. पाण्याच्या टाकीमागची दुसरी लाइन. शेजारच्या मावशींच्या दारात बसवतो आणि ड्यूटीवर जातो. दुसरी पाळी असते ना माझी." आणि त्यांनी नाव घेतलं ते नातीचं नव्हतं, बाहेर बसलेल्या आपल्या मुलीचं होतं.

खडकीतलं ते कारखान्याचं क्वार्टर सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. मी तत्काळ खडकीच्या ठाण्याला फोन लावला. पंचवीस मिनिटांनी तिथल्या हवालदाराचा आवाज आला: "साहेब, सापडली. बंद क्वार्टरच्या पायरीवर बसलीय. उठायलाच तयार नाही. म्हणते, आजोबांनी सांगितलंय, मावशी येईपर्यंत हलायचं नाही."

साडेतीन तास ते पोर त्या ओसाड लाइनीत एकटं बसलं होतं. त्यातला जवळपास तासभर माझ्या ओरडण्यात गेला होता.

मुलगी आईच्या कुशीत गेल्यावर आजी माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, चूक माझी. वर्ष झालं मला कळतंय. तेच तेच विचारतात, ओळखीच्या रस्त्यावर घोटाळतात. लोकांसमोर त्यांची फजिती नको, म्हणून मी पुढे होऊन उत्तरं द्यायचे. मुलीलाही म्हणायचे, वय झालं, दुसरं काय."

"डॉक्टर?"

"भीती वाटायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं असतं, म्हणजे मग ते खरंच झालं असतं."

गुन्हा घडलाच नव्हता. प्रकरण तसा अहवाल पाठवून बंद केलं. महिन्याभराने आजोबा-आजी ठाण्यात आले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात सांगितली होती. बरा होणारा आजार नाही, पण वेळेत कळलं, असंही म्हणाले होते. उत्तरासाठी जोडीदाराकडे मान वळवणं हीदेखील डॉक्टर टिपून ठेवतात अशी खूण आहे, हे मला तेव्हा समजलं. मी ती मिलीभगत समजलो होतो.

आजोबांनी स्वतःचा फोटो आणि घरचा पत्ता माझ्यापुढे ठेवला. "कधी हरवलो तर लागेल. आज मला सगळं नीट सांगता येतंय, तोवर लिहून घ्या. उद्याचं माहीत नाही." नोंदीखाली सही त्यांनी ठसठशीत केली. शेजारी आजी बसल्या होत्या, पण आजोबांनी तिकडे पाहिलं नाही.

त्यानंतर वृद्धांचा जबाब विसंगत निघाला, की मी घरच्यांना आधी विचारायचो, गेल्या वर्षभरात काय बदललंय? आजींवर मात्र माझा मनातून राग राहिला. एवढं दिसत असून वर्षभर गप्प कशा बसल्या?

यंदा माझी पत्नी दोनदा म्हणाली, "अहो, हे तुम्ही सकाळीच विचारलंत." मी दोन्ही वेळा तिच्यावर खेकसलो. तिसऱ्यांदा तिने काहीच म्हटलं नाही, नुसतं उत्तर दिलं. त्या गप्प उत्तराने मी घाबरलो आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला गेलो. निकाल ठीक निघाला. पण डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर, नाव पुकारलं जाईपर्यंत, मी तीनदा उठून घरी निघालो होतो. आजी वर्षभर गप्प का राहिल्या, हे तिथे मला कुणी सांगावं लागलं नाही.