पुढचा डिफरन्शियल

आमच्याकडे एक जुनी जपानी सेडान आहे, चारही चाकांना जोर देणारी. लग्नाच्या सातव्या वर्षी आम्ही दोघांनी ती हौसेने घेतली. वर्षातून दोनदा ती ट्रेलरवर चढून दक्षिणेतल्या रेस ट्रॅकवर जायची आणि तिथे नवरा तिला मनसोक्त पळवायचा. उरलेले सगळे दिवस मी तिला डोंबिवलीहून माणकोली पुलावरून कोलशेतला माझ्या ऑफिसात न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. नवऱ्याचं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर.

मला ती गाडी मनापासून आवडायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की बाई गाडीला कंटाळलीच होती. घरी मी सून, ऑफिसात दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग तपासून चुका शोधणारी. मधल्या त्या पाऊण तासात मी कोणाचीच कोणी नसायचे. पुलावर रस्ता मोकळा मिळाला तर तिसऱ्या गिअरमध्ये जरा जास्तच रेंगाळायचे, उगाचच.

एकदा नवरा ट्रॅकवरून आला तोच डोक्यात डिफरन्शियल घेऊन. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतो तो डिफरन्शियल. त्याची खोड एवढीच, की एक चाक घसरायला लागलं की सगळी ताकद तिथेच वाया जाते आणि दुसरं चाक नुसतं बघत बसतं. लिमिटेड-स्लिप प्रकारचा डिफरन्शियल त्या घसरणाऱ्या चाकाला आवरतो. आमच्या गाडीत पुढे, मध्ये आणि मागे असे तीन डिफरन्शियल. मधला बरा होता. पुढचा आणि मागचा बदलायचा, हे नवऱ्याने ठरवलं. महिनाभर जेवताना आम्हाला भाजीबरोबर तेच वाढलेलं असायचं.

त्यात दोन जाती. एकात चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. तो घट्ट पकडतो, पण लहान वळणावर अडतो आणि आवाज करतो. दुसऱ्यात नुसते तिरके दाते. तो गुपचूप काम करतो, फक्त एखादं चाक हवेत उचललं गेलं की हात वर करतो. मीही मेकॅनिकल इंजिनियर आहे, त्यामुळे मला हे कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. तरी नवऱ्याने दोनदा समजावलं.

कोलशेतच्या गॅरेजमध्ये आम्ही एका शनिवारी दोघं गेलो. गॅरेजवाले पन्नाशीचे, तिथल्याच गावातले, हाताला यश असलेले. त्यांनी मला प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा दिला आणि नवऱ्याकडे वळले.

"मागं प्लेटवाला टाका सायेब, पुढं गिअरवाला. रस्त्यावर शांत राहील. पुढं पन प्लेट टाकली तर ट्रॅकवर मजा हाय, पन रोजच्याला हात भरून येतील." मग त्यांनी अगदी योग्य प्रश्न विचारला. "गाडी चालवतं कोन?"

"मीच," नवरा म्हणाला.

"मग टाका पुढं पन प्लेट."

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी चालवणं म्हणजे ट्रॅकवर चालवणं. मी करायचे ते ऑफिसला जाणं.

मी तिथून दोन हातांवर बसले होते. दिवसभर लोकांच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने गोल काढणारी बाई मी, आणि त्या एका शब्दावर मला गोल काढता आला नाही. मी चहावरची साय बाजूला करत राहिले. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे माहेरी टेंभी नाक्यावर आईने इतक्या लहानपणी शिकवलेलं, की हे कोणी शिकवलंय हेच मी विसरून गेले होते. मला तो स्वभाव वाटायचा. परतीच्या वाटेवर तीनदा बोलायचं ठरवलं. तो इतका खुशीत होता की नाही बोलले. चूक त्याची अर्धी असेल, तर अर्धी माझी आहे. माझी जरा जास्तच.

पंधरा दिवसांनी गाडी आली. आमचं पार्किंग दोन मजले खाली आहे. बाहेर पडायच्या उताराच्या पायथ्याशी काटकोनात वळण आणि उजव्या हाताला खांब. पूर्वी ते वळण मी एका दमात घ्यायचे. आता स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढची दोन्ही चाकं एकमेकांचं ऐकेनात. टायर घासत उड्या मारायचे, खालून कडकड वाजायचं आणि स्टिअरिंग हातातून सुटून सरळ व्हायला बघायचं.

सासूबाईंना दवाखान्यात नेत होते, तर त्या मागून म्हणाल्या, "अगं, हिला संधिवात झालाय का? माझ्या गुडघ्यासारखी वाजतेय."

रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी त्या बाजूला ओढायची. आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर चाक खड्ड्यात जाणार नाही, असा दिवस कुठला! दोन महिन्यांत माझा उजवा खांदा धरला. केस बांधायला हात वर जाईना. नवरा रोज न चुकता तेल चोळून द्यायचा. ट्रॅकवर गाडी कशी चिकटून वळली, तेही चोळता चोळता सांगायचा.

एका सकाळी त्या वळणावर मी अडकलेच. उजवीकडे दाराला खेटून खांब, डावीकडे शेजाऱ्यांची गाडी, मागे हॉर्न वाजवणारे तिघं. वॉचमन ओरडत होता, "मॅडम, काटो, पूरा काटो!" पूरा काटलेलंच होतं. मागे घ्यायला जागा नव्हती आणि दार उघडून उतरावं तर तेही उघडेना. घाम, खांद्यातली कळ आणि चार बोटांवर तो खांब. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. काच वर आहे याची खात्री करून मी एक कचकचीत शिवी हासडली. कोणाला, ते आजही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी बोलले.

"पुढचा डिफरन्शियल बदलू या. गिअरवाला टाकू."

"अगं, परत गिअरबॉक्स उतरवायचा? आत्ता कुठे मनासारखी वळायला लागलीये."

"मी रोज चालवते रे ती."

तो खरोखर विचार करत होता. माणूस वाईट नाही; वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"असं करू," तो म्हणाला, "तुला एक छोटी ऑटोमॅटिक घेऊ. क्लच नाही, काही नाही. एका बोटाने वळेल. तुला त्रास नको."

"नशीब काढलंस गं," सासूबाई म्हणाल्या.

मी डिफरन्शियल मागितला होता, मला अख्खी गाडी मिळाली. तक्रार करायला तोंडच उरलं नाही. मी बरं म्हणाले.

छोटी गाडी खरंच गुणाची आहे. खांदा सुटला. पुलावरून जाताना मी आता बातम्या ऐकते. आमची पार्किंगची जागा एकच, एकापुढे एक दोन गाड्या लावायची. जुनी भिंतीकडे, छोटी तिच्या पुढे. आता जुनी रोजची गाडी राहिलीच नाही म्हटल्यावर नवऱ्याने तिच्यात ट्रॅकवरची सीट बसवून घेतली, मागेपुढे न सरकणारी. मला विचारलं होतं त्याने. मी छान म्हणाले होते.

मागच्या एका रविवारी तो कामासाठी नाशिकला गेलेला. सकाळी मी छोटी गाडी बाहेर पाहुण्यांच्या जागेत लावली आणि जुनीवरचं कव्हर काढलं. आंबिवलीवरून टिटवाळ्यापर्यंत जाऊन यावं, एवढंच मनात होतं. चावी फिरवली. तोच जुना, ओळखीचा आवाज. आणि क्लचवर पाय ठेवायला गेले तर पाय पोचला नाही. सीट त्याच्या उंचीची होती. पाठीमागे उशी घेतली, तरी नुसती बोटं टेकली. असल्या जड क्लचला बोटं काय करणार?

सीट चार बोल्टांवर होती. सीटखालच्या पट्टीला पुढे आणखी दोन भोकं होती, म्हणजे बोल्ट काढून सीट पुढे घेता येत होती. पाना डिकीत होता. इंजिन बंद करून मी तो काढला, दारापाशी गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या बोल्टला लावलासुद्धा.

आणि मनात आलं, आधी त्याला विचारायला हवं.

कोणी अडवलं नव्हतं. फोन केला असता तर "अगं, घे की, विचारतेस काय!" असंच म्हणाला असता. मी बराच वेळ तशीच बसून होते, पाना बोल्टला लावलेला. मग उठले, पाना डिकीत ठेवला, कव्हर घातलं आणि छोटी गाडी आणून पुन्हा तिच्या पुढ्यात लावली.