दादाचा डावा पाय

शाळेत तिसरा तास घेत असताना वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमचं दादा गेलं..." झोपेतच हृदय थांबलं होतं. मी जुन्नरहून महाळुंगे पडवळला निघाले. एसटीच्या खिडकीत शेतं मागं पळत होती आणि मला सारखा त्याचा डावा पायच दिसत होता...

दादानं चौथीत शाळा सोडून मेंढरं धरली, म्हणून मी शिकले. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण मी विसरले नाही. पुढं विड्यांनी त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद केल्या, अंगठा काळा पडला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पाय कापण्याआधी एक नवा उपाय करून बघू. कमरेच्या हाडाच्या मगजातल्या मूळपेशी काढून पोटरीत सोडायच्या; त्या रुजल्या तर नव्या बारीक वाहिन्या फुटतील. खात्री मात्र नाही.

मगज माझाच घेणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं! रजा टाकली, उपाशीपोटी दवाखान्यात हजर झाले. डॉक्टर हसले. "बाई, त्यांचाच लागतो." मला रडूच फुटलं. दादा म्हणाला, "रडती कशाला? माझ्याच कमरंत हाय तर तुला कशापायी टोचायचं?" जन्मात एकदा त्याला काही द्यायची वेळ आली, तीही हुकली.

अंगठा गेला, पण पाय वाचला. त्यानंतर दर रविवारी मी गेले की तो ओट्यावर पाय पसरायचा. "सुमे, बधिर झालाय बघ, जरा चोळ." मी कोमट तेल लावून चोळत बसायची. समोर मेंढरं रवंथ करायची, ऊन हळूहळू भिंतीवर चढायचं... अशी कित्येक वर्षं गेली.

तेराव्यानंतर मी वहिनीला म्हटलं, "पाय शेवटपर्यंत बधिरच राहिला गं त्याचा."

ती बघतच राहिली. "बधिर? रोज मेंढरामागं डोंगर चढायचं की! कवाच बरा झाला व्हता." मग हळूच म्हणाली, "तुमी यायच्या दिशीच तेवढा बधिर व्हायचा."

लबाड कुठला...

परवाच्या रविवारी पुन्हा गेले. तेल कोमट केलं, वहिनीला म्हटलं, "पाय पसर."

"मला कुठं काय झालंय, वन्सं?"

"काही झालं नाही गं. पसर."