कमळताईच्या धवल्याला ढोल थांबतात

कमळताई मला मासे विकते आणि कोणाकडे लग्न निघालं की पाटी बाजूला ठेवून देव बोलवायला जाते. मालाडच्या पश्चिमेला, खाडीला लागून तिचा कोळीवाडा. तिथल्या लग्नात धवला, म्हणजे देव बोलवायचं गाणं, म्हणणारी बाई लागते, तिला धवलारीण म्हणतात. मांडवात बसून ती गावदेवीला, एकवीरेला, दर्याला नावानं हाक मारते, आणि हाका मारून होईपर्यंत वाजप, म्हणजे ढोलबिल सगळं, बंद, असा रिवाज. मी संकष्टी धरणारी, देवळात जाणारी बाई. पण कमळताईनं हाक मारली की वाटतं, देव आलेच असतील. न येऊन जातील कुठे?

रिवाज तसा आहे म्हणायचा. हल्ली तिनं तोंड उघडलं की डीजेवाला आवाज जरासा कमी करतो आणि तिसऱ्या देवापर्यंत पुन्हा वाढवतो. कमळताई डोळे वटारते, गळा ताणते, शिरा फुगतात. धवला मात्र अर्धा सोडत नाही.

तिची लेक हेमांगी अंधेरीला स्टुडिओत कामाला आहे, जाहिरातींचे आवाज साफ करते. घरी आली की कानाला हेडफोन लावून स्वतःची गाणी जुळवते. तिच्या या नादाची दोन नावं आहेत. एक जंगल. त्यात ढोलाचे तुकडे करून ते भराभर उलटसुलट जोडतात, आणि खालून असा खर्ज घुमतो की भांडी थरथरतात. दुसरं हॅपी हार्डकोर. ते आणखी उतावळं, नुसता धावता आनंद, खणखणीत पियानो, आणि माणसाचा आवाज इतका पळवतात की बाईची पोर होते. हेमांगीनं दोन्ही एकत्र केली आणि मधोमध आईचा धवला ठेवला.

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा कमळताई म्हणाली, "ही कोणाची पोरगी गं?"

"तूच आहेस, आये. पळवलाय तुला."

कमळताई आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "आजीच्या मागं बसून शिकत व्हते ना, तवा असाच व्हता माझा आवाज. परत लाव."

परदेशातल्या एका छोट्या कंपनीला ते आवडलं. त्यांनी तबकडी काढायचं ठरवलं, ती जुनी काळी, सुईची. तोवर गाणं वाड्यातल्या पोरांच्या फोनवर फिरलं होतं, आणि तिथून बळवंतदादांच्या कानावर गेलं. बळवंतदादा जमातीचे, म्हणजे वाड्याच्या पंचांचे, अध्यक्ष. नातीचं लग्न महिन्यावर आलेलं, त्यांच्या घरचे सगळे धवले आजवर कमळताईनंच म्हटलेले.

ते थेट मासळीबाजारात आले. मी तेव्हा तिच्याकडून बोंबील साफ करून घेत होते.

"कमळे, देवाचा धवला दारू पिऊन नाचायला दिलास?"

"बोंबील घेणार का?" कमळताईनं विचारलं.

"मस्करी नको. धवल्यात वाजप बंद ठेवायचं असतं. तुझ्या लेकीनं धवल्यातच ढोल घातले. तिला सांग, आवाज काढून टाक. नायतर माझ्या मांडवात तू नाय. आणि मी नाय बोलावलं तर वाड्यात कोणी बोलवणार नाय, समजलं ना?"

हेमांगी त्या दिवशी आईच्या मदतीला आली होती. तिचा चेहरा उतरला. "दादा, काढते मी. आये, खरंच काढते गं. तबकडी अजून छापली नाय. मी दुसरं काय तरी टाकीन."

"हात तर लावून बघ," कमळताई लेकीवरच डाफरली. मग कोयता खाली ठेवला आणि बळवंतदादांकडे वळली. "दादा, तुझ्या धाकट्या पोराच्या हळदीत मी देव बोलवत व्हते, तवा डीजे बंद झाला व्हता?"

"तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? तू सोता नाचत व्हतास! मी एकवीरेला बोलावलं, ती आली का गेली ते मलाच ऐकू नाय आलं. हिच्या गाण्यात माझं तोंड उघडलं की ढोल थांबतात. पुरते थांबतात. तुमच्या मांडवात थांबले का कधी?"

आजूबाजूच्या कोळणी खुदखुदल्या. बळवंतदादा लाल झाले. "मग बस तुझ्या तबकडीत," म्हणाले आणि गेले.

बोलल्याप्रमाणे त्यांनी केलं. नातीच्या लग्नाला कमळताईला बोलावणं नव्हतं. दुसऱ्या कोणाचा तरी धवला फोनवरून लावला. त्यानंतरच्या लग्नातही तिला कोणी विचारलं नाही. गळ्यातला देव उपाशी राहिल्यासारखं वाटतं, असं ती मला एकदाच म्हणाली. मी गावदेवीला नारळ ठेवून आले. तिला सांगितलं नाही.

मग तबकडी आली. वेष्टनावर हेमांगीचं नाव, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात खाली: धवलारीण कमळ. रविवारी सकाळी हेमांगीनं अंगणात स्टुलावर प्लेअर ठेवला, भावाचे मोठे स्पीकर जोडले. मला मुद्दाम बोलावलं होतं. ढोल सुटले तसे माझ्या छातीत धाडधाड व्हायला लागलं. पोरं नाचायला लागली. शेजारच्या बायका दारात आल्या, नाकं मुरडून, पण आल्या.

बळवंतदादाही आले. "बंद करा ते!"

"थांब जरा," कमळताई म्हणाली. "आता माझं येतंय."

आणि खरंच, सगळं थांबलं. ढोल नाही, खर्ज नाही. खाडीवरचा वारा ऐकू यावा इतकं मोकळं झालं, आणि त्यात ती पोरीसारखी हाक उठली, गावदेवीला. कमळताईनं पदर डोक्यावर घेतला आणि त्या हाकेच्या खाली आपला जाडा, आजचा आवाज लावला. दारातल्या बायकांनी नकळत हात जोडले. मीही जोडले. बळवंतदादांनी तोंड उघडलं होतं. पण धवला चालू होता. त्यांनी ते मिटलं, आणि पायातल्या चपला काढल्या.

शेवटचा देव आला तसे ढोल परत सुटले.

"आता?" बळवंतदादा ओरडले.

"आता नाच," कमळताई म्हणाली. "नायतर बाजूला हो, पोरांना जागा दे."