कोऱ्या कागदावरचे अंगठे

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. नवरा गेला, त्यालाही न्हाई. तुम्हाला सांगते — बसा जरा — पण माझी कीव करू नका, मी रडणारी बाई न्हाई.

पंचायतीत मेंबर झाले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. सरपंच कोरं रजिस्टर घरी धाडायचा — "वहिनी, अंगठा टेकवा." टेकवला. दोनदा टेकवला. मग कळलं, गावचं गायरान कुणाच्या तरी घशात गेलं ते माझ्याच अंगठ्यावर! तेव्हा लेकीच्या पाटीवर शिकले. भर चावडीत रजिस्टर मागं ढकलून म्हणाले, "आधी वाचून दाखवा." बापे लई हसले. हसू दे की! त्या दिवसाचा तोरा मला आजही हाय.

मग दुष्काळ पडला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. आधी टँकरचा हुकूम उस्मानाबादेहून यायचा. तिथं आमची विहीर कुणाला ठाऊक? आता लातूरचा साहेब स्वतः चावडीत येऊन बसला. म्हणाला, टँकर कुठं रिकामा करायचा ते गावानंच ठरवा, फक्त दर वस्तीची संमती कागदावर द्या.

आमच्याच पंचायतीतला तांडा, गावापासून दोन कोस. संमती आणायला मी गेले. कोरा कागद घेऊन.

कोरा का? — लिहून नेला असता तर अंगठा कुणी दिला असता?

तांड्यावरच्या सोनाबाईनं विचारलं, "अक्का, ह्यात काय लिवणार?"

"तुमच्या पाण्याचंच हाय गं."

"तुम्ही हाय न्हवं, मग काय बघायचं!" तिनं शाई लावली. तिच्यामागं सगळ्या बायांनी.

घरी येऊन अंगठ्यांच्या वर मी लिहिलं — टँकर गावच्या विहिरीत सोडावा, आम्ही तिथून पाणी नेऊ. गावची विहीर म्हणजे माझ्या दारासमोरची.

उन्हाळाभर त्या बाया चालत आल्या. आधी आमच्या घागरी, मग उरलं तर त्यांच्या. एकदा रिकामी घागर घेऊन परत निघताना सोनाबाई म्हणाली, "अक्का, तुम्ही होत्या म्हणून एवढं तरी." आणि मी काय म्हणाले? — "उद्या लवकर ये."

घरात लेकरं होती, असं म्हणू शकते. म्हणणार न्हाई. एक दिवसाआड टँकर तांड्यावर गेला असता तरी आम्ही मेलो नसतो.

आता सभेत मला हार घालतात, गावाच्या हाती कारभार यावर बोला म्हणतात. तिथं जे बोलले न्हाई ते हे — उस्मानाबादेहून लातूरला, लातूरहून गावाला आलेली सत्ता मी माझ्या दारात अडवली. म्हणून ती परत वर न्यायची? असं म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार न्हाई! ती खालीच पाहिजे. माझ्याही खाली.

सोनाबाई अजून हाय. तांड्याची आता वेगळी पंचायत हाय, तिची सून सरपंच. तुम्हाला सांगितलं तेच ह्या कागदावर हाय, तो त्या सुनेच्या ग्रामसभेत जाईल. कोरा न्हाई. वर सगळं लिवलंय, दोनदा वाचलंय, आणि मगच खाली सही केली.