शिरखुर्म्यावरून दंगा

कुठं दंगल झाली की संपादकांची तार यायची, ‘सविस्तर पाठवा!’ दंगल झालीच नाही, ही बातमी बातमीदाराच्या साऱ्या नोकरीत कुणी मागितली नाही. मग असे किस्से साठत जातात. माझे तर कॉलेजपासून साठलेत.

यवतमाळला होस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत रशीद आणि जोसेफ राहायचे. दोघंही पांढरकवड्याचे, शाळेपासून एका बाकावरचे. पण एक मुसलमान, एक कॅथलिक. रेक्टरसाहेबांना घाम फुटला! “पहिलं भांडण झालं की खोल्या वेगळ्या!” बाकीच्या खोल्यांत रोज कॉलर धरल्या जायच्या. त्याला मात्र ‘पोरकटपणा’ म्हणत!

* * *

हेच रेक्टर गॅदरिंगला ‘सर्व धर्म एक’ यावर तासभर बोलले. घसा सुकला. जोसेफनं पाण्याचा ग्लास पुढं केला. साहेबांनी हात जोडले आणि घरून आणलेला तांब्या मागवला!

* * *

त्या वर्षी रमजान आणि ईस्टरआधीचे उपास एकत्रच आले. जोसेफनं ईस्टरपर्यंत गोड सोडलं. मेसचा महाराज वैतागला, “एक दिवसा जेवून नाही राह्यला, दुसरा गोड खाऊन नाही राह्यला. मंग मी जिलबी कायले तळून राह्यलो?”

* * *

जोसेफ सकाळचा चहा बाहेर व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून प्यायचा. रशीद ओरडायचा, “अंदर ये बे! रोजा माहा हाये, तुहा नाही!”

रविवारी हाच रशीद त्याचं पांघरूण ओढायचा, “ऊठ! तुह्या देवानं हप्त्यातून एक सकाळ मागतली, तेही झोपूनच काढतं का?”

* * *

ईदच्या सकाळी रशीदच्या अम्मीनं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर शिरखुर्म्याचा पितळी डबा पाठवला. थोड्याच वेळात खोलीतून आरडाओरडा! डबा इकडून तिकडे ओढला जातोय. रेक्टर चपराशाला घेऊन धावले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“शेवटी झालंच! कशावरून?”

“सर, यानं ईस्टरपर्यंत गोड सोडलं हाये. तरी खातोच म्हणते! मी नाही खाऊ देत!”

“सर, याच्या अम्मीनं धाडलं. ईदले नाही म्हणू काय?”

रेक्टरांनी झाकण उचलून डब्यात पाहिलं. मग गरजले, “डबा जप्त! खोल्यांचा निर्णय उद्या!”

दोघं दिवसभर ट्रंका भरून बसले.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला नाही. रेक्टरांच्या घरून दारात डबा आला. रिकामा, आणि चिंचेनं घासून लख्ख केलेला!