कुलूपबंद घरातला ठिपका

मागच्या महिन्यात एका रविवारी भरदुपारी मी घाबरून अक्षरशः थरथरत होते... आणि कारण काय, तर मोबाईलच्या मॅपवरचा एक ठिपका.

आई गेली त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून बाबा वाशीमला माझ्याकडे असतात. आमच्या गावचं, किन्हीराजाचं घर बंद आहे. बाबांना शुगर आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं, म्हणून त्यांच्या मोबाईलचं लोकेशन मी माझ्या मोबाईलवर कायमचं चालू करून ठेवलंय. ते कुठे आहेत हे मला मॅपवर दिसतं.

त्या दिवशी एक वाजता त्यांनी इन्सुलिन घेतलं. मी पोळ्या लाटत होते. "आलोच पाच मिनिटात," म्हणून बाहेर पडले ते पडलेच. इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला आणि शुगर एकदम खाली गेली तर काय होतं, ते ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनाच कळेल.

फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत. गल्ली पाहिली, बस स्टँड पाहिलं. शेवटी मॅप उघडला... बाबांचा फोटो असलेला ठिपका थेट किन्हीराजाला. आमच्या घरावर. खाली लिहिलेलं, 'आत्ताच'.

अर्ध्या तासात हा माणूस तिकडे पोचला कसा? तिथल्या शेजारच्या गोदाकाकूंना फोन केला. त्या बिचाऱ्या उन्हातच जाऊन बघून आल्या. "कुलूप तं जसंच्या तसं हाये माय. आमाले तं कोनी दिसलं नाई."

पण मागच्या दारानं आत जाऊन कडी लावून घ्यायची बाबांची जुनी सवय. आत चक्कर येऊन पडले असले तर? नवरा कामासाठी अकोल्याला गेलेला. मी साखरेची पुडी पर्समध्ये टाकली आणि स्कूटी काढली.

वाटेत मालेगावला थांबून परत मॅप पाहिला. ठिपका तिथंच.

कुलूप उघडलं. आत कोणी नाही. मागच्या दाराला कडी, कडीवर कोळिष्टकं. जमिनीवर धूळ, आणि धुळीत पाऊल फक्त माझं...

मॅपवर मात्र बाबा माझ्या अगदी शेजारी होते. माझा ठिपका आणि त्यांचा ठिपका जवळजवळ एकावर एक. मी फोन लावला, माझ्या कानात रिंग वाजत होती आणि घरात चिडीचूप. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा ठिपका हळूच सरकला... बैठकीतून स्वयंपाकघराकडे.

खोटं कशाला सांगू, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या घरात ते कधी चाललंच नाही. पण त्या क्षणी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "बाबा?" अशी हाक मारली. त्यांचं काहीतरी बरंवाईट झालंय आणि ते इथे आलेत, असंच मला वाटलं.

बाहेर ओट्यावर येऊन मी रडत रडत नवऱ्याला फोन केला. तो कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तुमच्या घरातला वायफायचा राउटर कुठे आहे?

भिंतीवर नुसता खिळा होता.

गोदाकाकू मागे उभ्याच होत्या. "तो लाइटवाला डब्बा? तुह्या बाबानंच नेला ना! तुह्या आईच्या पुण्यानुमोदनाले इहाराले दान देतो म्हने." आमच्यात पुण्यानुमोदनाला गेलेल्या माणसाच्या नावानं विहाराला काही ना काही देतात. पुस्तकं आणि पंखा दिल्याचं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

मग नवऱ्याने समजावलं. छताखाली उपग्रहाचा सिग्नल मिळाला नाही की मोबाईल आजूबाजूचे वायफाय बघतो आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ठरवतो. हा राउटर सहा वर्षं किन्हीराजाला होता. तो जिथे जाईल तिथे मोबाईलच्या लेखी किन्हीराजाचं घर. ठिपका थोडाफार इकडेतिकडे हलतोच.

वाशीमच्या विहाराची अभ्यासिका तळघरात आहे. तिथे दुसरं वायफायही नाही. मी तिथल्या व्यवस्थापकांना फोन लावला... बाबा तिथेच! अभ्यासिकेचा नियम म्हणून मोबाईल सायलेंटवर. घाम फुटलेला पाहून स्पर्धा परीक्षेच्या एका मुलीने आपल्या डब्यातली भाजी-पोळी त्यांना खाऊ घातली होती. त्या मुलीचे उपकार मी कसे फेडू?

तिन्हीसांजेच्या आत मी वाशीमला, थेट अभ्यासिकेत पोचले आणि आधी त्यांच्यावर भरपूर ओरडले.  मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मॅपवर 'घर' लिहिलेलं.

"इथं बसलो का हा म्हनते, तुमी घरी हाये," बाबा म्हणाले. "म्हनून येत असतो मी रोज. दहा मिनिटं बसतो. आज डोळा लागला."

रोज. आणि मला वाटायचं ते फिरायला जातात.

नवरा म्हणतो, मॅपला आपली चूक हळूहळू कळते. तसंच झालं. चार दिवसांपूर्वी बाबा अभ्यासिकेतून लवकर परत आले. जेवताना म्हणाले, "मोबाईल बिघडला वं बाई. आता तो वाशीमच दाखवून राह्यला."

मी हातातला घास ताटात ठेवला. वर्षभर त्यांची शुगर मोजत होते मी, गोळ्या मोजत होते... घरी जायचंय का, एवढं कधी विचारलं नाही.

काल विचारलं. आज सकाळी सहापासून बाबा चपला घालून दारात बसलेत. ही पोस्ट टाकते आणि निघतो आम्ही.